‘देवगिरी कधी?’ : एका खेळाच्या नावांविषयी

मुकुंदवाडीत, रेल्वे स्टेशनकडे जाणाऱ्या रस्त्याला फुटलेल्या एका गल्लीत, गच्चीवरच्या पत्र्याच्या खोलीत दर रविवारी दुपारी पाच जण बसतात. त्यांतला एक माझा भाचा. दुसरा चिकलठाण्याच्या औद्योगिक वसाहतीत शिफ्टला जातो, दोघे स्पर्धा परीक्षेची तयारी करतात आणि पाचवी त्या दोघांपैकी एकाची बहीण. मध्ये एक फुलस्केप वही, लुडोच्या डब्यातले दोन फासे आणि शेंगदाण्यांची पुडी. पाचांपैकी एक जण सांगतो : तुम्ही देवगिरीच्या अंधारीत शिरला आहात, मशाल विझली आहे, पुढे वाट दोन्हीकडे फुटते. बाकीचे चौघे आपापल्या पात्राच्या तोंडून बोलतात, भांडतात, ठरवतात. जे ठरवले ते साधेल की फसेल हे नुसत्या बोलण्याने सुटत नाही तिथे फासे पडतात. दोन वर्षे हे चालू आहे आणि मंडळी अजून बालेकिल्ल्यावर पोचलेली नाहीत.

मी पहिल्यांदा त्या खोलीत गेलो तेव्हा, सवयीने, नाव विचारले. उत्तरे तीन आली. भाचा म्हणाला, “मामा, डीएनडी म्हणतात याला.” शिफ्टवाला हसून म्हणाला, “घरी आम्ही ग्रुप स्टडी सांगतो.” तिसरे उत्तर मला कोणी दिले नाही, ते मी निघताना जिन्यात ऐकले. एकाने दुसऱ्याला विचारले, “मग आता देवगिरी कधी?” दुसरा म्हणाला, “पुढच्या रविवारी, माझी सेकंड शिफ्ट नसली तर.”

हा लेख या तीन नावांविषयी आहे आणि माझ्याकडून सुचवल्या गेलेल्या चौथ्याविषयीही. चौथे नाव होते ‘भूमिकापालन’. तीस वर्षे मराठी शिकवलेल्या माणसाच्या जिभेवर असे शब्द तयारच असतात. त्या मुलीने नम्रपणे सांगितले, “सर, हे बी.एड.च्या पाठाचं नाव वाटतं.” तिचे बरोबर होते. इंग्रजीतला ‘रोल प्लेइंग’ हा शब्द या खेळाच्या आधी मानसोपचारात आणि शिक्षणशास्त्रात रुळला होता, आणि आपला ‘भूमिकापालन’ तिथूनच अध्यापक विद्यालयांत आला. मी खेळाला नाव देत नव्हतो. परक्या शाखेतल्या एका पारिभाषिक शब्दाचे भाषांतर त्याच्या गळ्यात अडकवत होतो.

आधी ‘डीएनडी’चे पाहू. ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ हा खेळ १९७४ मध्ये अमेरिकेत विस्कॉन्सिन राज्यातल्या लेक जिनिव्हा या लहान गावातून बाहेर पडला. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन हे त्याचे कर्ते. दोघेही युद्धखेळांच्या वर्तुळातले : टेबलावर शिशाच्या सैनिकांच्या पलटणी मांडून जुन्या लढाया पुन्हा लढणारे. पलटणीऐवजी एकेका माणसाची जबाबदारी एकेका खेळाडूने घ्यायची, हा त्यांचा बदल. आज जगभर या सगळ्या जातीचीच ओळख त्या एका नावाने होते, जसे आपल्याकडे वनस्पती तूप कुठल्याही डब्यातले असो, ते डालडा. खोदणारे पिवळे यंत्र कोणत्याही कंपनीचे असो, तो जेसीबी. मुकुंदवाडीतले पाच जण त्या खेळाचे नियम पाळत नाहीत. त्यांच्याकडे वीस बाजूंचा फासा नाही, ती जाडजूड पुस्तके नाहीत, एल्फ आणि ड्रॅगन तर नाहीतच. त्यांच्या वहीत हेर आहे, किल्ल्याच्या पायथ्याचा पाथरवट आहे, एक वैदू आहे. तरी परक्या माणसाने विचारले की ‘डीएनडी’. कारण परक्याला फक्त एवढे कळायला हवे असते की ही जगात कुठेतरी असलेली, नाव असलेली गोष्ट आहे, या पोरांचे खूळ नव्हे. ब्रँडचे नाव इथे वर्णन करत नाही, ओळखपत्रासारखे चालते.

पण १९७४ च्या त्या पहिल्या पेटीकडे जरा थांबून पाहण्यासारखे आहे. तिच्या मुखपृष्ठावर स्वतःचे वर्णन होते ते युद्धखेळांच्या मोहिमांसाठीचे नियम असे. कागद, पेन्सिल आणि लहान पुतळ्यांनिशी खेळण्याजोगे. ‘भूमिका’ हा शब्द त्यात नव्हता. गोष्ट सांगणाऱ्यालाही पंचच म्हटले होते. भूमिकांचा खेळ हे जातिवाचक नाव पुढच्या काही वर्षांत, खेळणाऱ्यांच्या वादावादीतून आणि नव्या खेळांच्या जाहिरातींतून घट्ट झाले. मग पंचाचीही नावे बदलत गेली : कुठे तळघराचा मालक, १९८१ च्या ‘कॉल ऑफ कथुलू’त राखणदार, १९९१ च्या ‘व्हॅम्पायर’मध्ये सरळ कथेकरी. नाव बदलले की त्या माणसाकडून अपेक्षाही बदलते. पंचाने निःपक्षपाती असावे, कथेकऱ्याने रंगवावे.

आणि मूळ नाव? तळघरे आणि ड्रॅगन. म्हणजे जिथे जायचे ती जागा आणि तिथे जे भेटेल ते संकट. त्यात खेळाची जात सांगितलेली नाही, पद्धत सांगितलेली नाही. ‘देवगिरी कधी?’ म्हणणारी मुले नेमके तेच करतात. आपण जिथे जातो त्या जागेचे नाव ते खेळाला देतात. मला वाटते, ज्यांनी हा खेळ घडवला त्यांच्या नामकरणाशी मुकुंदवाडीतले नामकरण ‘डीएनडी’ या उसन्या अक्षरांपेक्षा जास्त इमान राखून आहे. देवगिरीची निवडही उगाच झालेली नाही. इथून किल्ला वीस-एक किलोमीटरवर, शाळेच्या सहलीत प्रत्येकाने पाहिलेला. कातळ पोखरून काढलेली अंधारी, शत्रूला चकवणारी वळणे, सरळ खंदकाकडे नेणारी फसवी वाट, वरच्या तोंडाशी निखारे पेटवून धूर कोंडण्याची सोय. अमेरिकेतल्या दोघांनी जे तळघर कागदावर कल्पिले, ते यांच्या दारात दगडाचे उभे आहे.

इतर भाषांनी काय केले हे पाहताना एक उदाहरण मला फार बोलके वाटले. जपानमध्ये ‘आरपीजी’ ही अक्षरे आधीच संगणकावरच्या आणि टीव्हीला जोडायच्या खेळांनी पटकावली होती. मग समोरासमोर बसून खेळणाऱ्यांना आपल्या खेळाला ‘टेबल टॉक आरपीजी’ म्हणावे लागले, म्हणजे टेबलावरच्या बोलण्याचा. जो प्रकार आधीचा, त्यालाच विशेषण लावून घ्यावे लागले. इंग्रजीतही ‘टेबलटॉप’ हे शेपूट संगणक आल्यावरच गरजेचे झाले.

इथे मराठी रंगभूमीच्या अभ्यासकाला एक जुना शब्द आठवायला हवा : ‘बुकिश’.

५ नोव्हेंबर १८४३ रोजी सांगलीत, चिंतामणराव पटवर्धनांच्या आश्रयाने, विष्णुदास भाव्यांनी ‘सीतास्वयंवर’ सादर केले, हे आपण दर रंगभूमी दिनाला म्हणतो. ते कसे केले हे मात्र क्वचित सांगतो. सूत्रधार पदे गाऊन कथा पुढे न्यायचा. पदातला प्रसंग संपला की पात्रे आपापली भाषणे तिथल्या तिथे, स्वतःच्या बुद्धीने बोलायची. भाव्यांच्या ‘नाट्यकवितासंग्रहा’त पदे छापलेली आहेत. गद्य संवाद तिथे शोधू नयेत, कारण ते लिहिलेलेच नव्हते. या सादरीकरणाला त्या काळी सर्रास ‘खेळ’ म्हणत. पात्रे करणाऱ्यांना राक्षसपार्टी, स्त्रीपार्टी अशी नावे होती; ही ‘पार्टी’ म्हणजे तो तो पार्ट करणारा. पुढे १८६१ मध्ये विनायक जनार्दन कीर्तन्यांनी ‘थोरले माधवराव पेशवे’ लिहिले, शेक्सपिअरची आणि संस्कृत नाटकांची भाषांतरे आली, आणि पुस्तकातली भाषणे पाठ करून करायच्या या नव्या प्रकाराला लोक ‘बुकिश नाटक’ म्हणू लागले. तेव्हा विशेषण नव्याला लागले होते, कारण नुसते ‘नाटक’ म्हटले की उत्स्फूर्त बोलण्याचे नाटक समजले जाई. काही दशकांत बुकिश हेच नाटक झाले, विशेषण गळाले. आधीच्या प्रकाराला मग ‘पौराणिक’, ‘भावेकालीन’, ‘प्राथमिक अवस्थेतले’ ही विशेषणे लागली. ‘खेळ’ जाऊन ‘प्रयोग’ आला. खेळ हा शब्द सिनेमावाल्यांकडे आणि सर्कशीकडे उरला.

माझी तक्रार आपल्या समीक्षेबद्दल आहे, आणि त्या समीक्षेत मीही आलो. आपण संहितेची समीक्षा शिकलो. जिथे संहिता नाही तिथे आपण ‘लोककला’ म्हणून आदराने हात जोडतो आणि पुढे जातो. सिंधुदुर्गात आणि गोव्यात दशावतारी मंडळी आजही रंगपटात आख्यान ठरवून घेतात आणि संवाद रंगमंचावरच रचतात. त्यातल्या एखाद्या रात्रीच्या संवादांवर तपशिलाने लिहिलेले मी फारसे वाचलेले नाही. मग पत्र्याच्या खोलीतल्या पाच जणांच्या खेळाला आपल्याकडे शब्द कुठून असणार? भूमिका, नायक, कथानक, हे सगळे आपले शब्द लिहून झालेल्या गोष्टीसाठी आहेत. इथे कथानक असे असते की सांगणाऱ्यालाही ते ठाऊक नसते. वैदूने अंधारीत दगा द्यायचा ठरवले तेव्हा माझ्या भाच्याने तयार केलेली पुढची आठ पाने फुकट गेली. तो चिडला नाही. त्याने वहीत काट मारली आणि विचारले, “बरं, आता तू कुठं पळतोस?”

चौथा शब्द मागे घेतल्यावर मी पाचवा सुचवला होता : सोंग. मराठवाड्यातल्या माणसाला तो सुचणारच. पैठण इथून पन्नास किलोमीटरवर. नाथांच्या भारुडातले जोशी, वासुदेव, भुत्या आमच्याकडे अजून सोंगी भारुडात उभे राहतात. सोंग ‘आणतात’, ‘वठवतात’, दुसऱ्याच्या तोंडाने आपले म्हणणे मांडतात. सगळे जुळत होते. शिफ्टवाल्या मुलाने तो शब्द एका वाक्यात नाकारला : “सोंग कोणाला तरी दाखवायला असतं ना सर?” मी गप्प बसलो. भारुडाला समोर गाव लागते. इथे समोर कोणी नाही. जे खेळतात तेच ऐकतात. शिवाय ‘सोंग करतोय’ म्हटले की फसवणुकीचा वास येतो, तो वेगळाच.

प्रेक्षक नसलेला, सगळ्यांनी मिळून कल्पिलेला, बोलता बोलता घडणारा खेळ मराठी घरात एकच आहे : भातुकली. पण भातुकलीत कोणी हरत नाही आणि वाट अडवणारे काही नसते. बोळक्यातला भात करपायचा की नाही, हे खेळणारीच ठरवते. फासे आले की करपण्याचा निर्णय तिच्या हातून जातो. बहिणीने मला हे फार चांगले समजावले. तिच्या मते त्यांच्यात गोष्ट सांगणारा म्हणजे ज्याच्यावर राज्य आहे तो. लपंडावात राज्य घेणाऱ्याला खेळायची मजा कमी आणि जबाबदारी जास्त. पण तो नसेल तर खेळ नाही. पंच, मालक, राखणदार, कथेकरी अशा इतक्या इंग्रजी नावांपैकी एकालाही हे जमलेले नाही. ज्याच्या हातात सत्ता आहे त्यालाच धावाधाव करावी लागते, हे आपल्या पोरांच्या ‘राज्य’ या शब्दात आधीच आहे. त्या दिवसापासून वहीच्या पहिल्या पानावर तारखेपुढे ‘राज्य :’ असे लिहून नाव टाकतात. हा शब्द मात्र माझा नाही.

खेळाला मी आता ‘खेळ’च म्हणतो, भाव्यांच्या काळच्या अर्थाने, ज्यात क्रीडा आणि सादरीकरण वेगळे काढलेले नव्हते. मुले काही म्हणत नाहीत. त्यांना जातिवाचक नाव लागतच नाही. ते लागते विचारणाऱ्याला.

आणि विचारणारा या पावसाळ्यात आलाच. घरमालक पत्र्यावरची गळती बघायला गच्चीवर चढले, तेव्हा आतून ऐकू आले ते असे : “पार्टी आत आहे. सोनं कोणाकडं आहे? टाक फासे.” पत्र्याच्या खोलीत चार पोरे, एक मुलगी, पार्टी, सोने आणि फासे. या वस्तीत फाशांचा एकच अर्थ होतो. काकांनी दार ढकलले. “काय चालू राहिलं रे हे? जुगार?” खोली सुटली तर दुसरी या भाड्यात मिळणारी नव्हती. शिवाय मुलीच्या घरी कळले असते तर तिचे येणे त्याच दिवशी थांबले असते.

भाच्याने मला नंतर सांगितले की त्या क्षणी त्याला तिन्ही नावे आठवली आणि तिन्ही निरुपयोगी वाटली. डीएनडी म्हणावे तर काकांना ते एखाद्या नशेचे नाव वाटले असते. ग्रुप स्टडी म्हणावे तर पुस्तक कुठे आहे? देवगिरी म्हणावे तर देवगिरीचे काय? उत्तर दिले बहिणीने. तिने वही उघडून पुढे धरली. डाव्या बाजूला पात्रांची नावे, उजव्या बाजूला कोण काय बोलले याच्या नोंदी. म्हणाली, “काका, नाटक बसवतोय. ऐतिहासिक आहे.”

काकांनी दोन पाने वाचली. चेहरा निवळला. फासे कशाला, तेही विचारायचे विसरले. तरुणपणी गावच्या जत्रेत त्यांनी स्वतः नाटकात काम केले होते, ते सांगत अर्धा तास उंबऱ्यात उभे राहिले. दुसऱ्याच आठवड्यात गळती काढून दिली.

आता दर रविवारी चहाच्या वेळी ते एकदा वर डोकावतात आणि विचारतात, “मग पोरांनो, प्रयोग कधी?”