शिक्षक शोनबर्ग

आर्नोल्ड शोनबर्ग (१८७४–१९५१) याचे नाव निघताच बेसूरपणाचा आरोप पुढे येतो. आरोपकर्त्यांनी त्याचे १८९९ सालचे ‘रूपांतरित रात्र’ हे तंतुवाद्यांचे षट्क ऐकलेले नसावे. बाराही स्वरांची एक माला बांधावयाची आणि सारी कृती तिच्यातूनच उभारावयाची, ही त्याची १९२० नंतरची पद्धती. तीत कोणताच स्वर धनी नाही. षड्जाच्या आधाराने वाढलेल्या आपल्या कानाला ही समता जड जाते; व्हिएन्नाच्या रसिकांनाही त्याचे संगीत सहज पचले नव्हते.

मला मात्र त्याच्यातील शिक्षक अधिक मोलाचा वाटतो. स्वतः बव्हंशी स्वयंशिक्षित असलेला हा गृहस्थ १९०४ पासून बर्ग व वेबर्न यांना शिकवू लागला. स्वरसंहतीवरील १९११ च्या ग्रंथाचे ऋण त्याने आरंभीच विद्यार्थ्यांच्या पदरी टाकले आहे. वर्गात तो आपली पद्धती सहसा शिकवीत नसे. बाख, बीथोव्हन, ब्राम्स उलगडून दाखवी. म्हणूनच बर्ग भावविव्हल राहिला, वेबर्न कमालीचा मितभाषी. दोघांपैकी कोणी गुरूची नक्कल झाला नाही. असे किती गुरुजनांविषयी म्हणता येईल?

याची किंमत त्याने मोजली. १९३३ मध्ये ज्यू म्हणून बर्लिनच्या अकादमीतील अध्यापकपद गेले. पुढे लॉस एंजेलिसच्या विद्यापीठात, वयाच्या सत्तरीपर्यंत, संगीताची जुजबी ओळख असलेल्या मुलांनाही तो शिकवीत राहिला. ‘मोझेस आणि आरोन’ या संगीतिकेचा तिसरा अंक स्वरबद्ध व्हावयाचा राहिला होता. ते काम पुरे करण्यास अवकाश मिळावा म्हणून १९४५ मध्ये त्याने मागितलेली गुगेनहाइम शिष्यवृत्ती नाकारण्यात आली.