‘घरात बंदूक आहे का?’ : एका प्रश्नाची चिकित्सा

या मालेत बहुतेक वेळा एखाद्या पुस्तकावर बोललं जातं. आज आम्ही एका प्रश्नावर बोलणार आहोत. प्रश्न चार शब्दांचा आहे: ‘घरात बंदूक आहे का?’ अमेरिकेत लहान मुलांचे डॉक्टर तो आईबापांना विचारतात. लस झाली का, झोप लागते का, गाडीत मुलाला वेगळ्या खुर्चीत बसवता का, याच यादीत तो येतो. त्या चार शब्दांवरून तिथे एका राज्याने कायदा केला आणि तो कोर्टात जवळजवळ सहा वर्षं लढवला गेला.

तोंडवलीत बसून हा विषय कशाला, असं ज्यांना वाटत असेल त्यांनी आपापल्या वाडीतली आणि आजोळची घरं मनात मोजून बघावीत. शेतीसंरक्षणाच्या परवान्याची बंदूक या जिल्ह्यात नवलाची नाही. माकडं कोवळे नारळ तोडून टाकतात, आतल्या गावांत रानडुकरं भात लोळवतात, म्हणून ती घरात आली. १९५९ च्या शस्त्र कायद्यातही पीक राखण्यासाठी ठासणीच्या बंदुकीचा वेगळा उल्लेख आहे. कुणाकडे ती आजोबांच्या नावाची आहे, कुणाकडे दुनळी आहे, आणि कुणाकडे कागद नसलेलीही असेल. तिच्याबद्दल आम्हाला आज नैतिक काही म्हणायचं नाही. ती माळ्यावर, कपाटामागे किंवा देवघराशेजारी खुंटीवर असते आणि त्याच घरात मूल रांगतं, एवढंच आमचं निमित्त.

आधी अमेरिकेतलं बघू. २०१० साली फ्लोरिडातल्या ओकाला गावी एका आईने या प्रश्नाचं उत्तर द्यायला नकार दिला. डॉक्टरांनी तिला दुसरा डॉक्टर शोधायला सांगितलं. बोभाटा झाला आणि २०११ मध्ये त्या राज्याने कायदा केला की रुग्णाच्या उपचाराशी किंवा सुरक्षिततेशी संबंध असल्याचं प्रामाणिकपणे वाटल्याशिवाय डॉक्टरने बंदुकीबद्दल विचारायचं नाही, नोंद ठेवायची नाही, त्यावरून रुग्णाला त्रास द्यायचा नाही. मोडलं तर दहा हजार डॉलरपर्यंत दंड आणि परवान्यावर गदा. डॉक्टर कोर्टात गेले. खालच्या कोर्टात जिंकले, वरच्या कोर्टाच्या तीन न्यायाधीशांपुढे हरले, आणि शेवटी फेब्रुवारी २०१७ मध्ये अकराव्या सर्किटच्या पूर्ण पीठाने विचारण्यावरची, नोंदीवरची आणि त्रास देण्यावरची बंदी रद्द केली. बंदूक आहे म्हणून रुग्णाशी भेदभाव करू नये, एवढं कलम तेवढं राहिलं.

निकाल योग्यच म्हणायला हवा. पण तो कशावर लागला ते बघा. एका बाजूला डॉक्टरचं बोलण्याचं स्वातंत्र्य, दुसऱ्या बाजूला बंदूकवाल्याची खाजगी बाब आणि शस्त्र बाळगण्याचा हक्क. दोन्ही बाजूंना मोठी माणसं. ज्या मुलासाठी प्रश्न विचारायचा ते मूल या भांडणात पक्षकार नाही. दरम्यान, २०२० पासून एक ते एकोणीस वर्षांच्या अमेरिकन मुलांच्या मृत्यूचं पहिल्या क्रमांकाचं कारण बंदूक झालं आहे. जून २०२४ मध्ये तिथले सर्जन जनरल विवेक मूर्ती यांनी बंदुकीच्या हिंसेला सार्वजनिक आरोग्याचं संकट म्हटलं. (यांचं मूळ घराणं कर्नाटकातल्या मंड्या जिल्ह्यातलं.)

आता आमची मुख्य तक्रार. ‘आहे का?’ हा प्रश्न चुकीच्या जागी बोट ठेवतो. त्याला ‘हो’ किंवा ‘नाही’ एवढंच उत्तर आहे, आणि दोन्ही उत्तरांनी डॉक्टरला काही कळत नाही. मूल ज्यावर जगतं किंवा मरतं ती गोष्ट पुढची आहे: कुठे आहे, भरलेली आहे का, दारूगोळा कुठे आहे, आणि मुलाला ते ठाऊक आहे का?

शेवटचा तुकडा सगळ्यात नाजूक. २००६ मध्ये अमेरिकेत एक अभ्यास प्रसिद्ध झाला. बंदूक असलेल्या घरांत आईबापांना आणि मुलांना वेगवेगळं विचारलं. ‘आमच्या मुलांना बंदूक कुठे ठेवतो ते माहीत नाही’ असं म्हणणाऱ्या आईबापांपैकी ३९ टक्क्यांची मुलं म्हणाली, माहीत आहे. ‘त्याने कधी हात लावलेला नाही’ म्हणणाऱ्यांपैकी २२ टक्क्यांच्या मुलांनी लावलेला होता. म्हणजे आईबाप खोटं बोलत नव्हते, त्यांना खरंच वाटत होतं की पोराला माहीत नाही. आपल्याकडे तर दसऱ्याला तीच बंदूक खाली काढतात, पुसतात, झेंडूचं फूल वाहतात. ती कुठल्या फळीवरून खाली आली हे घरातल्या सगळ्या मुलांनी बघितलेलं असतं. लपवणं ही सुरक्षा आहे असं मानणं इथेच संपायला हवं.

आता हा प्रश्न जसाच्या तसा उचलून आपल्याकडे आणला तर काय होईल? समजा, आचऱ्याच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात डॉक्टरांनी एका सुनेला विचारलं, ‘घरात बंदूक आहे का?’ ती म्हणेल, ‘नाय.’ कारण बंदूक सासऱ्यांची, परवाना सासऱ्यांचा, आणि घरातल्या अशा गोष्टी बाहेर सांगणं तिचं काम नव्हे असं तिला शिकवलेलं. किंवा म्हणेल, ‘डॉक्टरांनू, तुमका कित्याक व्हयी ता?’ हा प्रश्न उद्धट नाही, अगदी रास्त आहे. सरकारी दवाखान्यात विचारलेली गोष्ट पोलिसांपर्यंत जाते, ही तिची समजूत हवेतून आलेली नाही. गोळी लागलेला माणूस दवाखान्यात आला की पोलिसांना कळवावं लागतं, हे गावात सगळ्यांना माहीत असतं.

ही भीती काय करू शकते, याचं उदाहरण आपल्याच राज्यात आहे. २०२५ च्या सुरुवातीला पालघर जिल्ह्यात मनोरजवळच्या जंगलात रानडुकराच्या शिकारीला गेलेल्यांपैकी एकाच्या हातून सोबत्यालाच गोळी लागली. बाकीच्यांनी पोलिसांना कळवायचं सोडून मृतदेह दडवला. जिथे मेलेला माणूस दडवला जातो तिथे जखमी मुलाला घेऊन दवाखान्यात यायला किती उशीर होईल, याचा विचार करा. त्यात इथून ओरोस गाठायचं, किंवा थेट बांबोळीचं गोमेकॉ.

अमेरिकेत बंदूकवाल्याला भीती असते ती डॉक्टरच्या नोंदवहीतून सरकारी यादी तयार होण्याची. आपल्याकडे परवान्याच्या बंदुकीची यादी जिल्हाधिकारी कार्यालयात आधीच आहे. मग डॉक्टरने लिहून ठेवण्याची गरजच काय? आमच्या मते अजिबात नाही. विचारावं, सांगावं, आणि कागदावर काही उतरवू नये. बिनपरवान्याच्या घरात तर असंच बोलणं शक्य आहे.

‘आहे का’ मध्ये आणखी एक फसगत आहे. छऱ्यांची हवेची बंदूक कोणीच ‘बंदूक’ म्हणून मोजत नाही. ०.१७७ बोअरपर्यंतच्या आणि ठरावीक शक्तीच्या आतल्या एअरगनला परवानाही लागत नाही. ती माकडं हाकलायला आणतात आणि दाराआड उभी करतात. मुलाचा डोळा जायला तेवढी पुरते. विचारल्यावर घरचे प्रामाणिकपणे ‘नाही’ म्हणणार.

अमेरिकन पत्रकांत सल्ला असतो: बंदूक रिकामी ठेवा, कुलपात ठेवा, गोळ्या वेगळ्या कुलपात ठेवा. काडतुसाच्या बंदुकीला तो लागू आहे, काडतूस काढलं की झालं. ठासणीच्या बंदुकीचं तसं नाही. नळीच्या तोंडातून दारू ओतायची, वर चिंधी, मग छरे, पुन्हा चिंधी, आणि गजाने ठासायचं. एकदा भरली की रिकामी करण्याचा सोपा मार्ग म्हणजे बार काढणं. माकड आलंच नाही, डुक्कर फिरकलंच नाही, तर ती भरलेलीच परत माळ्यावर जाते. फार तर घोड्याखालची बारीक तांब्याची टोपी काढतात. पण आत दारू जिवंत असते, आणि टोप्यांची डबी त्याच फळीवर असते. ‘रिकामी ठेवा’ असं डॉक्टरने छापील पत्रक वाचून सांगितलं तर आजोबा मनात हसतील. त्यांना सांगायचं ते हे: राखणीहून परतताना बागेच्या कडेला, सुरक्षित दिशेला बार काढून मगच घरात या, टोप्या आणि दारू बंदुकीपासून लांब, कुलपात, आणि बंदूक साखळीने खांबाला. एवढं सांगता येण्यासाठी डॉक्टरला ठासणीची बंदूक एकदा तरी बघितलेली असायला हवी.

नुसत्या सांगण्यालाही मर्यादा आहेत. २००८ मध्ये अमेरिकेत मोठ्या प्रमाणावर एक प्रयोग झाला. त्यात डॉक्टरांनी आईबापांशी बंदुकीबद्दल बोलून बरोबर फुकट कुलूप हातात दिलं, तेव्हा बंदुकांना कुलूप लावण्याचं प्रमाण वाढलं. कुलूप देणं हा त्या उपायाचा अर्धा भाग होता. तिथल्या बालरोगतज्ज्ञांची संघटना फार वर्षं सांगत आली की बंदूक नसलेलं घर सगळ्यात सुरक्षित. खरं आहे. पण ज्याचे नारळ माकडं पाडतायत त्याला ‘विकून टाका’ म्हणणं म्हणजे बोलणं तिथेच तोडणं.

आपलं सरकार बंदुकीबद्दल विचारत नाही का? विचारतं की. २०१६ च्या शस्त्र नियमांनुसार परवाना मागणाऱ्याला डॉक्टरचं प्रमाणपत्र लागतं, मानसिक आणि शारीरिक स्वास्थ्याचं, आणि व्यसन नसल्याचं. सुरक्षित ठेवण्याची हमीही लिहून द्यावी लागते. म्हणजे आपल्याकडे डॉक्टर आणि बंदूक यांची गाठ पडते ती बंदूकवाल्याच्या तपासणीला, आणि मुलाच्या तपासणीला कधीच नाही. दुसरी वेळ निवडणुकीची. आचारसंहिता लागली की छाननी होते, बंदुका पोलीस ठाण्यात जमा करायचे आदेश निघतात, शेतकरी ओरडतात. मतदानाला धोका होऊ नये म्हणून बंदूक कुठे आहे याची चौकशी होते. निकाल लागला की ती घरी परत येते, आणि कुठे ठेवली याची चौकशी कोणी करत नाही.

आरोग्य खात्याकडे मात्र घराघरात जाणारी माणसं आहेत. २०१३ पासून राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची पथकं अंगणवाडीत आणि शाळेत मुलं तपासतात. जन्मजात व्यंग, कमतरता, आजार आणि वाढीतला उशीर, असे चार विषय. अपघात त्यात नाही. आशाताई घरी येतात. लहान बालकांच्या योजनेतल्या त्यांच्या भेटी तिसऱ्या, सहाव्या, नवव्या, बाराव्या आणि पंधराव्या महिन्याला असतात. पंधराव्या महिन्याला मूल चालायला लागलेलं असतं. ते खुर्ची ओढून तिच्यावर चढायच्या वयात येतं तेव्हा भेटी संपलेल्या असतात.

आमच्या मते हा प्रश्न आशाताईंच्या तोंडी जास्त शोभेल. त्या वाडीतल्याच. त्यांना माळा माहीत आहे, सासरे माहीत आहेत. त्यांनी सुनेला विचारू नये, आजोबांना विचारावं, आणि एकट्या बंदुकीबद्दल विचारू नये. ‘बाबानू, काजूक मारूचा औषध, रॉकेल आणि बंदूक, ही तीन खंय ठेवतास? नातवाचो हात पोचता?’ यात कोणावर संशय नाही. ‘आहे का’ हा शब्दच नाही. आजोबा ‘बंदूक नाय’ म्हणाले तरी औषधाची बाटली फळीवरून कुलपात जाईल, आणि आपल्या जिल्ह्यात मुलांच्या हाताशी बंदुकीपेक्षा ती बाटलीच जास्त घरांत असणार.

एक गोष्ट राहिली, मुंबईकरांची. मे महिन्यात घरं भरतात. परळच्या किंवा डोंबिवलीच्या दवाखान्यात वर्षभर दाखवलेलं मूल इथल्या माळ्याखाली पंधरा दिवस झोपतं, आणि त्याच्या डॉक्टरला या माळ्याची कल्पना नसते. अमेरिकेत ‘आस्क’ नावाची मोहीम आहे: मूल दुसऱ्याच्या घरी खेळायला जाण्याआधी तिथे कुलपाबाहेर बंदूक आहे का, हे आईबापांनीच विचारायचं. तिचा दिवस २१ जून, म्हणजे त्यांच्या उन्हाळ्याची सुरुवात. आपल्याकडे तो एप्रिलच्या अखेरीला, तिकिटं काढतानाच यायला हवा, आणि विचारायचं स्वतःच्याच काकाला किंवा थोरल्या भावाला. अवघड आहे हे कबूल. ‘काका, पोरां येतहत, ती माळ्यारची खाली काढून कुलपात टाकशात?’ एवढंच फोनवर म्हणायचं, बाकी तपशील काकांना माहीत असतात.