दोन मिनिटांचं लेणं

एकवीरेला आलेला माणूस शेजारच्या कार्ल्याच्या चैत्यगृहात डोकावतो, मोबाईल वर धरतो अन् दोन मिनिटांत बाहेर. पुढं भुशी धरणाच्या पायऱ्यांवर भिजायची घाई. भिजावं की, पण त्याला लेणं दिसलेलंच नसतं. उन्हातून आत शिरलं की डोळ्यांपुढं नुसता काळोख. गप उभं राहावं लागतं. मग खांबांच्या माथ्यावरचे हत्ती उमटतात, त्यांच्यावर बसलेली जोडपी, अन् सगळ्यात शेवटी छताच्या लाकडी कमानी. दोन हजार वर्षांची लाकडं ती! दगडाला त्यांचा आधार लागत नाही, तरी लाकडी घराची रीत म्हणून बसवलेली. इथल्या ब्राह्मी लेखांत राजाच्या जावयाचं दान आहे, तसं दरवाजा करणाऱ्या धेनुकाकटच्या सामी सुताराचं नावही आहे.

आता दुसऱ्याला बोलतोय खरा, पण हल्ली रात्री अंथरुणात मीही बोटानं व्हिडिओ सरकवत पडतो. मागं नातवाला घेऊन लेण्यात गेलो, तर मीच म्हणालो, "चल रे, झालं बघून."

"थांबा की आबा, आत्ता कुठं वरचं लाकूड दिसाया लागलंय."