दंगलीची कविता आणि वऱ्हाडी बोली

नोव्हेंबर २०२१मध्ये अमरावतीत आणि मे २०२३मध्ये अकोल्यात दगडफेक, जाळपोळ, मग संचारबंदी आणि इंटरनेटबंदी झाली. अकोल्यात एक जीव गेला. आपल्याकडच्या कविसंमेलनांत या विषयावर ज्या कविता ऐकू येतात, त्यांच्या कळकळीबद्दल शंका नाही. खोट आहे ती प्रतिमांत. रक्ताचे पाट, पेटलेली वस्ती, घायाळ कबुतर, हरवलेली माणुसकी. अमरावतीचा राजकमल चौक खोडून तिथे मालेगाव किंवा भिवंडी लिहा, कवितेत काहीच बिघडत नाही.

क्रियापदे पाहा. दगड येतो, दुकान पेटते, काच फुटते. फेकणारा, पेटवणारा कुठेच नाही. बातमीत 'दोन गटांत' लिहिण्याचा संकेत आहे, त्याला कारणेही आहेत. कवीला तो कुणी लावला? कर्ता गाळला की हिंसा पावसासारखी आपोआप पडू लागते आणि श्रोत्यालाही निश्चिंतपणे हळहळता येते.

मराठीत याहून कठीण वाट पूर्वीच पाडली गेली आहे. नामदेव ढसाळांचा 'गोलपिठा' हा कवितासंग्रह १९७२चा. त्याची प्रस्तावना विजय तेंडुलकरांची. त्यात मुंबईच्या गोलपिठा या वेश्यावस्तीची बोली, शिव्या, धंद्याचे शब्द जसेच्या तसे आले. वाचकाची सोय पाहिली गेली नाही. त्याच वर्षी वसंत आबाजी डहाके यांचा 'योगभ्रष्ट' संग्रह आला. डहाके यवतमाळ जिल्ह्यातले, अमरावतीशी दीर्घकाळ जोडलेले. त्यातल्या 'योगभ्रष्ट' या दीर्घकवितेत हिंसा रस्त्यावरून आत येते आणि बोलणाऱ्या 'मी'चीच मोडतोड करते. तिच्या इंग्रजी अनुवादाच्या शीर्षकात थेट दहशतवादी आला आहे. पुढे 'शुभवर्तमान', 'चित्रलिपी'पर्यंत त्यांची भाषा अधिकाधिक कोरडी, गद्याजवळची होत गेली. मला हा कोरडेपणा फार मोलाचा वाटतो. भीतीचे वर्णन आवाज चढवून करता येत नाही, हे त्यांना लवकर उमगले.

डहाक्यांची भाषा मात्र प्रमाण मराठी आहे. वऱ्हाडी बोली आपण दोनच कामांना लावली: शेत आणि हसू. अकोल्याच्या विठ्ठल वाघांनी तिफणीला आणि काळ्या मातीला कवितेत मान मिळवून दिला, ते काम मोठेच. पण व्यासपीठावर वऱ्हाडी कवी उभा राहिला की ऐकणारे आधीच हसायला तयार असतात. अफवा पसरलेल्या संध्याकाळी घराघरांत याच बोलीत बोलले जाते: 'लेकराईले आत घे', 'तिकडून जाऊ नोको', 'शटर पाड लवकर'. या वाक्यांत प्रतिमा नाही, अलंकार नाही. हुकूम आहे आणि धाक आहे. बाजारात त्यात हिंदी-उर्दू मिसळते. ज्या गल्ल्यांत हिंदू आणि मुस्लीम एकमेकांकडून उधार घेतात, तिथल्या मिश्र बोलण्यात दंगलीचा खरा तपशील साठलेला असतो: कोणाचे दुकान कोणी वाचवले, कोणी दाखवून दिले. तो कवितेत आला तर कर्ता लपवणे अवघड जाईल. कदाचित म्हणूनच तो येत नाही.

आणि गझल. सुरेश भटांच्या अमरावतीत तिच्याशिवाय मैफल होत नाही. 'एल्गार' या संग्रहातला (१९८३) भटांचा संताप अस्सल आहे. त्यांच्या मागून येणाऱ्यांनी मात्र त्यातली मशाल उचलली, शिस्त नाही. शिवाय शेर दोन ओळींत मिटतो, टाळी घेतो. दंगल मिटत नाही, तिला फिर्याद, पंचनामा, तारखा असे लांब शेपूट असते. तरी गझलेला एक वाट उघडी आहे. रदीफ, म्हणजे शेरांच्या शेवटी येणारे तेच शब्द, पुन्हापुन्हा येतो, पोलिसांच्या गाडीवरचा भोंगाही. संचारबंदीची घोषणाच रदीफ करून पाच-सात शेर कोणी बांधले, तर प्रत्येक शेरात तीच घोषणा नव्या घरावर जाऊन आदळेल. अशी गझल अजून माझ्या वाचनात नाही. कोणी लिहिलीच तर तिच्यात अमरावतीचे नाव नसले तरी चालेल. कबुतर तेवढे नको.