एका हजेरीपटाचे परीक्षण

परीक्षण लिहायचे तर पुस्तक वाचलेच पाहिजे असा काही दंडक नाही, हे आपण जाणताच. तरी मी वाचले. पुस्तक म्हणजे 'पीएस' या आज्ञेचे माहितीपत्रक. युनिक्स-लिनक्स घराण्यातल्या संगणकाला ही आज्ञा दिली की त्या क्षणी आत कोणकोणत्या प्रोसेस आहेत त्यांची यादी पडद्यावर येते; प्रत्येकीचा नंबर, मालक, अवस्था, खाल्लेला वेळ. म्हणजे आमचे मस्टरच म्हणा ना! फरक एवढाच, की आमच्या बँकेत जिवंत पेन्शनरला दर नोव्हेंबरात हयातीचा दाखला द्यावा लागतो. इथे संपलेली प्रोसेससुद्धा, तिच्या आईने तिचा निकाल वाचून घेईपर्यंत, 'झॉम्बी' म्हणून यादीत टिकून राहते. तिला मारताही येत नाही. मेलेलीला काय मारणार?

हे पत्रक माणसांसाठी लिहिले, असे म्हणतात. त्यात तीन घराणी एकत्र नांदतात. एटीअँडटीचे घराणे पर्यायाआधी एक आडवी रेघ देते, बर्कलेचे रेघ देत नाही, आणि ग्नूचे दोन देते. 'पीएस एयूएक्स' म्हटले की सगळ्यांची यादी मिळते. मध्ये एक रेघ घातली की नियमाने अर्थ होतो, 'एक्स' नावाच्या इसमाच्या प्रोसेस दाखवा! असा इसम नसेल तर लिनक्सचे पत्रक म्हणते, आम्ही कदाचित समजून घेऊ, तंबी देऊ, पण यावर विसंबू नका. माणसे पत्रक वाचत नाहीत, शेजाऱ्याची आज्ञा उतरवून घेतात, म्हणून आजवर निभावले.

माझा भाचा हिंजवडीला असतो. तो हेच पत्रक एआय एजंटांसाठी नव्याने लिहितो आहे. एजंट म्हणजे विम्याचे नव्हेत. 'सर्व्हर मंदावलाय, बघ जरा' म्हटले की स्वतः आज्ञा देणारे, यादी वाचणारे आणि मोकळे सोडले तर प्रोसेस मारूनही टाकणारे. मसुदा माझ्यापुढे टाकून म्हणाला, "मामा, तुम्हाला परिपत्रकं वाचायची सवय आहे. बघा."

भाषा सुबक आहे. पर्याय कोष्टकात छान बसवले आहेत. लिहायला हवे ते मात्र राहिले. सीपीयूच्या टक्क्यांचेच घ्या. लिनक्सवरचा पीएस हा आकडा काढतो तो असा: प्रोसेसने जन्मापासून खाल्लेला सीपीयूचा वेळ भागिले तिचे एकूण वय. कॉमर्सवाल्याला हे चटकन कळते. ही सरासरी शिल्लक झाली, आजची नव्हे. दहा दिवस निवांत बसून पाच मिनिटांपूर्वी पिसाळलेली प्रोसेस इथे साध्वी दिसते, आणि नुकतीच जन्मून, ढोरमेहनत करून आता जरा टेकलेली बिचारी गुन्हेगार. मसुद्यात यावर एकच ओळ: 'सीपीयूचा वापर दाखवते'.

दुसरे म्हणजे नंबर. पूर्वी बँकेत पितळी टोकन असे. माणूस पैसे घेऊन गेला की तेच टोकन पुढच्याला. प्रोसेसचे नंबरही असेच फिरून वापरात येतात. यादी हा एका क्षणाचा फोटो. एजंट विचार करून 4127 ला मारायला निघेपर्यंत त्या नंबरावर भलतीच कोणी बसलेली असू शकते. कदाचित डेटाबेसही.

याबद्दल मसुदा म्हणतो, 'योग्य ती खबरदारी घ्यावी'. हे वाक्य मी बावीस वर्षे वाचतो आहे. माणसाला ते चालते, कारण माणूस ते वाचून घाबरतो आणि शेजारच्या टेबलावर विचारायला जातो. एजंटाला शेजारचे टेबल नाही. 1971 साली युनिक्सच्या पहिल्या मार्गदर्शिकेत थॉम्पसन आणि रिची यांनी 'बग्ज' असे कलमच ठेवले होते: आमच्या या आज्ञेत हे हे चुकते, बाबांनो. (आमच्या एकाही परिपत्रकात असे कलम मी पाहिलेले नाही.) मसुद्यातून नेमके तेच गळले आहे.

मी लाल पेन्सिलीने तीन गोष्टी लिहिल्या. टक्का म्हणजे सरासरी. मारण्यापूर्वी नंबर, सुरू झाल्याची वेळ आणि नाव पुन्हा ताडून पाहणे. मालक दुसरा असेल तर थांबून माणसाला विचारणे. पहिल्या दोन भाच्याने निमूट घेतल्या. तिसरीपाशी अडला.

"मामा, विचारायलाच थांबायचं तर एजंट कशाला?"

प्रश्न रास्त होता. मी म्हटलं, "रात्री दोन वाजता डेटाबेस बंद पडला तर फोन कोणाला येतो रे?"

"मला."

तिसरी सूचना सध्या त्यांच्या साहेबांपुढे आहे.