रस्त्यांनी रचलेले गाव

शिकागोच्या मध्यवस्तीपासून पश्चिमेला साधारण पंधरा किलोमीटरवर डेस प्लेन्स नदीच्या वळशांत रिव्हरसाइड वसले आहे. लोकसंख्या नऊ हजारांच्या आसपास. इलिनॉय राज्याच्या दफ्तरी त्याचा दर्जा आजही ‘व्हिलेज’ असाच आहे. हे गाव आधी कागदावर उतरले आणि मग जमिनीवर. न्यूयॉर्कचे सेंट्रल पार्क घडवणारे फ्रेडरिक लॉ ओल्मस्टेड आणि कॅल्व्हर्ट वॉक्स यांच्या संस्थेने सप्टेंबर १८६८ मध्ये शिकागोजवळच्या या नियोजित उपनगरी गावाविषयी एक अहवाल लिहिला आणि पुढच्या वर्षी आराखडा दिला. तो अहवाल हाती धरून गाव पाहिले की दोन्ही एकाच विचाराची रूपे असल्याचे ध्यानात येते आणि दोन्हींची गोडी वाढते.

अहवाल मागवणारे होते एमरी चाइल्ड्स आणि त्यांची रिव्हरसाइड इम्प्रूव्हमेंट कंपनी. सोळाशे एकर जमीन, तिच्यातून गेलेला रेल्वेमार्ग आणि झपाट्याने फुगणारे शिकागो, एवढे भांडवल असताना प्लॉट पाडून विकणे सोपे होते. ओल्मस्टेड मात्र सुरुवात करतात ती माणसे शहराकडे का धाव घेतात इथून. शहरातल्या सोयी, शिक्षण, सहवास यांची ओढ त्यांना रास्त वाटते. शहराला पाठ दाखवून रानात जाऊन राहा, असा त्यांचा सल्ला मुळीच नाही. शहराचे फायदे आणि झाडामातीचा सहवास एकाच घराला कसा मिळेल, हा त्यांचा प्रश्न आहे. सौंदर्याची चर्चा करण्याआधी ते चिखलाबद्दल बोलतात, हे मला फार आवडते. शिकागोभोवतीची जमीन सपाट. पाऊस पडला की रस्त्यांचा राडा होई. म्हणून पक्के रस्ते, पाण्याचा निचरा आणि कोरडी पायवाट ही त्यांच्या लेखी उपनगराची पहिली अट आहे. ती पुरी झाल्यावरच रमणीयतेचा विषय निघतो. पायाखालची जमीन आधी पाहणारी ही सौंदर्यदृष्टी आहे.

मग येतो रस्त्यांचा आकार. शिकागो म्हणजे काटकोनांचे शहर. सरळ रस्ता, सरळ चौक, पुन्हा सरळ रस्ता. रिव्हरसाइडच्या पूर्व हद्दीवरच्या हार्लेम अव्हेन्यूपलीकडे बर्विनमध्ये ती चौकट आजही जशीच्या तशी दिसते. हद्द ओलांडून आत आले की रस्ते वळू लागतात. अहवालाचा युक्तिवाद असा, की सरळ रस्ता माणसाला पुढे ढकलतो, कामाची घाई सुचवतो. ऐसपैस, वळणदार, टोकदार कोपरे नसलेल्या रस्त्यावर पाऊल आपोआप सैल पडते. इथे चालताना ते पटते. नजर जेमतेम चार-सहा घरांपर्यंत पोचते आणि झाडीत थांबते. थोडे पुढे गेले की तेवढाच नवा तुकडा उलगडतो. संपूर्ण गाव एका नजरेत कधीच येत नाही. दोन वळणे जिथे भेटतात तिथे चौक होत नाही, गवताचा तिकोनी तुकडा उरतो. त्यावर झाडे उभी असतात. सरळ आखणीत जी जागा प्लॉटमध्ये विकली गेली असती, ती इथे कुणाच्याच मालकीची नाही आणि सगळ्यांची आहे.

अहवालातला सर्वांत रसाळ भाग घरांविषयीचा आहे. कुणी कसे घर बांधावे यावर आपली सत्ता चालणार नाही, हे लेखक सरळ मान्य करतात. मात्र एखाद्याने कुरूप घर बांधलेच, तर ते जाणाऱ्या-येणाऱ्याच्या अंगावर येऊ नये एवढी तजवीज करता येईल, असे ते म्हणतात. तजवीज साधी आहे. घर रस्त्यापासून काही अंतर मागे घ्यायचे आणि मधल्या जागेत झाडे राखायची. घरमालकाला त्याचे स्वातंत्र्य मिळते, वाटसरूला सावली मिळते. दोघांचाही मान राखणारा नियम इतक्या थोडक्यात क्वचितच मांडला गेला असेल.

आणि या साऱ्याच्या तळाशी आहे मोकळी सामायिक जमीन. उत्तमातली उत्तम जागा सर्वांसाठी राखा, ती कुंपण घातलेल्या बागेसारखी नको, गावच्या माळासारखी, खेळायला मोकळी असू दे, असा सल्ला ते जमीन विकायला बसलेल्या कंपनीला देतात. नदीकाठ, लाँग कॉमनसारखे हिरवे पट्टे, रस्ते आणि त्यांच्या कडा मिळून सोळाशेपैकी सुमारे सातशे एकर जमीन अशी सार्वजनिक वापरासाठी काढली गेली. कुटुंबाचे खासगीपण घराच्या आत, शेजारधर्म घराबाहेरच्या हिरवळीवर, आणि गाव पुरे व्हायला दोन्ही हवीत, हा या आराखड्याचा गाभा आहे.

कंपनीला हे पेलले नाही. ओल्मस्टेड-वॉक्स १८७० मध्येच बाजूला झाले. १८७१ च्या आगीत शिकागो जळाले आणि पैसा, मजूर सारे शहराच्या उभारणीकडे वळले. १८७३ च्या मंदीत कंपनी बुडाली. शिकागोपर्यंत न्यायचा झाडांचा प्रशस्त मार्ग कागदावरच राहिला. रस्ते मात्र आखून झाले होते, म्हणून गाव टिकले. १८७५ मध्ये ते रीतसर ‘व्हिलेज’ झाले. पुढे पिढ्यांनी आपापल्या काळची घरे बांधली, त्यांत फ्रँक लॉइड राइटचे कूनली हाउसही आले, तरी आखणी मोडली नाही. रस्त्यांवर गॅसचे दिवे आजही लागतात. इथला पाण्याचा मनोरा विल्यम ल बॅरन जेनीचा. ज्याच्या होम इन्शुरन्स बिल्डिंगपासून शिकागोच्या गगनचुंबी इमारतींचा इतिहास सांगतात, तो जेनी याच गावात राहत होता.

हे गाव सुस्थितांसाठी होते, ही त्याची मर्यादा. तिकडे डोळेझाक करता येत नाही. तरीही १९७० मध्ये त्याला राष्ट्रीय ऐतिहासिक स्थळाचा दर्जा मिळाला तो केवळ वयामुळे मिळाला असे मला वाटत नाही. पुढच्या शतकात अमेरिकेत मोटारींच्या जिवावर असंख्य उपनगरे उठली. त्यांनी रिव्हरसाइडचे वळणदार रस्ते उचलले, मागे सरकलेली घरे उचलली, पण सामायिक जमीन बहुधा गाळली, कारण तिला गिऱ्हाईक नव्हते. वळण फक्त शोभेचे उरले आणि घरे एकेकटी पडली. रिव्हरसाइडचे मोठेपण त्या गाळलेल्या भागात आहे. नफ्यासाठी घेतलेल्या जमिनीतला इतका मोठा वाटा न विकता ठेवायला सांगणे, हे ओल्मस्टेडच्या लेखणीचे धैर्य. दीडशे वर्षे त्या जागेवर हात न टाकणे, ही गावकऱ्यांची रसिकता. कलाकृतीला असे वाचक मिळाले की ती जिवंत राहते.