मांजर पुन्हा बोलत नाही

दिवाळीच्या सुट्टीत माझी अकरा वर्षांची भाची आमच्याकडे राहायला आली होती. एका दुपारी तिला हायाओ मियाझाकींचा ‘किकीज डिलिव्हरी सर्व्हिस’ लावून दिला. १९८९ सालचा जपानी चित्रपट. तेरा वर्षांची चेटकीण किकी रिवाजाप्रमाणे घर सोडते, समुद्रकाठच्या अनोळखी शहरात एका बेकरीच्या माळ्यावर राहते आणि झाडूवर बसून लोकांचं सामान घरोघरी पोचवते. सोबतीला जिजी नावाचं काळं मांजर आहे. ते तिच्याशी बोलतं, तिला टोमणे मारतं, तिच्यावर रुसतं. पुढे एक दिवस किकीला उडता येईनासं होतं आणि जिजीच्या तोंडून नुसतं ‘म्यांव’ येऊ लागतं. शेवटी रस्ता झाडणाऱ्या म्हाताऱ्याचा ब्रश उसना घेऊन ती कशीबशी उडते आणि हवाई जहाजाला लटकलेल्या मित्राला वाचवते. जिजी धावत येऊन तिच्या खांद्यावर बसतो आणि म्हणतो, म्यांव.

भाची सोफ्याच्या अगदी कडेला येऊन बसली होती. पडद्यावर नावं सरकू लागली तरी हलली नाही. मग म्हणाली, “मामा, तिला उडता यायला लागलं, मग तो परत बोलला कसा नाही?”

मुलांच्या कार्टूनांबद्दल मला जे म्हणायचं आहे, ते सगळं या प्रश्नाशी येऊन थांबतं. उडण्याचं कसब परत येतं, मांजराचं बोलणं येत नाही. किकी त्याबद्दल रडत नाही, पटकथाही त्याचा खुलासा करत नाही. बोलणारं मांजर ज्या वयात लागतं, ते वय मागे पडलं आहे, एवढंच. हे मोठ्यांना किती जड जातं पाहा. डिस्नेने १९९८ साली या चित्रपटाचं इंग्रजी डबिंग केलं, तेव्हा शेवटी जिजीच्या तोंडी एक वाक्य घातलं. मांजर बोलू लागलं, सगळं पहिल्यासारखं झालं. २०१०च्या आवृत्तीत ते वाक्य काढलं गेलं, हे बरं झालं. त्या एका वाक्याने चित्रपटाचा अर्थच फिरत होता.

चांगलं वागावं, खोटं बोलू नये, दात घासावेत, हे कुठलंही कार्टून सांगतं. मोठं होणं ही निराळी गोष्ट आहे. मोठं होताना काहीतरी हातून जातं आणि परत मिळत नाही, काहीतरी कळतं आणि मग ते न कळल्यासारखं वागता येत नाही. ज्या गोष्टीत झालेला बदल टिकतो, तीच गोष्ट मुलाला मोठं होणं दाखवू शकते. आपल्याकडच्या वाहिन्यांवरच्या कार्टूनांना या कसोटीवर घासून पाहिलं, की वाईट वाटतं.

‘छोटा भीम’ घ्या. हैदराबादच्या ग्रीन गोल्ड ॲनिमेशनने २००८ साली पोगोवर आणलेली ही मालिका देशी कार्टूनचं सगळ्यात मोठं यश आहे आणि त्या यशाचं मला मोल आहे. धोतर नेसलेला, लाडू खाणारा नायक लाखो मुलांनी आपला मानला. पण भीमच्या ढोलकपूरमध्ये दिवस पुढे सरकत नाही. भीम नऊ वर्षांचाच राहतो, हे एकवेळ चालेल. आपला वर्तमानपत्रातला चिंटूही १९९१पासून तसाच शाळकरी राहिला आहे. मला खरा त्रास होतो तो कालियाचा. हा मुलगा प्रत्येक भागात मत्सर करतो, डाव रचतो, तोंडावर आपटतो, कधीकधी चूकही कबूल करतो, आणि पुढच्या भागात पुन्हा पहिल्या जागेवर उभा असतो. त्याला एकदाही बदलू दिलेलं नाही. वर्गात दांडगाई करणारा मुलगा ही मालिका बघत असेल, तर त्याला त्यात आपलं भविष्य काय दिसत असेल? जो भीम आहे तो भीमच राहणार आणि जो कालिया आहे तो कालियाच.

याची कारणं लेखकांच्या कुवतीत शोधणं अन्यायाचं होईल. मुलांच्या वाहिन्या दिवसभर तेच भाग फिरवून फिरवून दाखवतात, तेही कुठल्याही क्रमाने. आज तिसरा, उद्या एकशेविसावा, परवा पुन्हा तिसरा. अशा दळणात कालिया विसाव्या भागात सुधारला, तर एकविसाव्या दिवशी लागलेल्या तिसऱ्या भागाचं काय करायचं? म्हणून प्रत्येक भागाच्या शेवटी पाटी कोरी करून ठेवावी लागते. त्यात नायकाचा चेहरा दप्तरावर, डब्यावर, पाण्याच्या बाटलीवर छापलेला असतो. तो चेहरा बदलून चालत नाही. याच घराण्यातल्या ‘माइटी लिटिल भीम’ने २०१९ साली एक सुंदर गोष्ट केली. शब्द जवळजवळ काढून टाकले आणि रांगत्या बाळाच्या उंचीवरून घर दाखवलं. त्यात निरीक्षण आहे, माया आहे. पण बाळ तिथेही बाळच.

फिरून फिरून तेच दाखवण्याची ही सक्ती जपान्यांनाही आहे, पण त्यांनी तिच्यात फटी शोधल्या. डोरेमॉन आपल्याकडे २००५पासून हिंदीत बोलतो आहे आणि त्याचा मित्र नोबिता कायमचा शाळेतच आहे. तरी फुजिको एफ. फुजिओंच्या मूळ चित्रकथांमध्ये काळ हळूच आत येतो, तोही नोबिताच्या टेबलाच्या खणातून, कारण टाइम मशीन तिथेच ठेवलेलं आहे. एका गोष्टीत नोबिताला आजीने ठिगळ लावून दिलेलं जुनं अस्वल सापडतं. आजी आता नाही. तो टाइम मशीनने तिच्या काळात जातो, नुसतं लांबून बघायचं ठरवून. आजीशी गाठ पडतेच. नोबिताला दप्तर पाठीला लावून शाळेत जाताना बघायची तिची इच्छा असते. हा धावत घरी येतो, दप्तर घेऊन परत जातो आणि आपण कोण ते सांगतो. आजीला आश्चर्य वाटत नाही. तिने केव्हाच ओळखलेलं असतं. मग ती म्हणते, आता तुझी नवरी बघायची आहे. काळ ओलांडता येणारं यंत्र हाताशी आहे, पण आजीला परत आणता येत नाही. माझ्या ओळखीतल्या बऱ्याच घरांत मुलांना मरण पहिल्यांदा उमजलं ते अशाच एखाद्या गोष्टीतून. सुतकाच्या दिवसांत त्यांना शेजारी पाठवून दिलेलं असतं.

डोरेमॉन निघून जातो ती १९७४ सालची गोष्टही अशीच. त्याने निर्धास्त जावं म्हणून नोबिता एकटा दांडगट जियानशी भिडतो, मार खातो, पण हटत नाही. पुढच्याच महिन्यात फुजिओंनी डोरेमॉनला परत आणलं, हे खरं. मालिकेने मालिकेचं केलं. तरीही ती रात्र वाचकाच्या मनातून पुसली गेली नाही. आणि जियान, तिकडचा कालिया, मोठ्या चित्रपटांमध्ये मित्रांसाठी जीव धोक्यात घालतो. त्याला तेवढी जागा दिली गेली.

दुसऱ्या जपानी कार्टूनमधल्या शिन-चानकडून कुणी अशी अपेक्षा करत नाही. आया त्याच्या नावाने बोटं मोडतात आणि त्याच्या बोलण्यातला वाह्यातपणा मलाही खटकतो. पण केइची हारांनी २००१ साली याच पोराला घेऊन एक चित्रपट केला, त्यात शहरातले सगळे आईबाप जुन्या आठवणींच्या वासाने भुलून पुन्हा लहान होतात आणि मुलांना वाऱ्यावर सोडून देतात. बापाला भानावर कसं आणायचं? शिन-चान त्याच्याच बुटाचा वास त्याला देतो. दिवसभर लोकलने फिरून घामेजलेला, कुबट वास. त्या वासासरशी बापाचं आयुष्य डोळ्यांपुढून जातं: सायकलवर पुढे बसलेले त्याचे वडील, गाव सोडणं, नोकरी, लग्न, मूल, रात्री उशिरा घरी येणं. संवाद जवळजवळ नाहीतच. इथे मुलाच्या डोळ्यांदेखत बाप पुन्हा एकदा मोठा होतो. मोठं होण्याचा वास चांगला नसतो आणि तरी माणूस तो पत्करतो, हे इतक्या साध्या वस्तूतून सांगणारं दुसरं चित्र मी पाहिलेलं नाही.

आपल्या उपखंडात असं काही झालंच नाही, असं नाही. भारतीय ॲनिमेशनचे आद्य गुरू राम मोहन यांनी नव्वदच्या दशकात युनिसेफसाठी ‘मीना’ घडवली. पहिल्या गोष्टीत मीनाला शाळेत पाठवत नाहीत, भाऊ राजू जातो. ती आपल्या मिठू पोपटाला शाळेच्या खिडकीशी पाठवते, तो धडे ऐकून येतो आणि ती त्याच्याकडून आकडे शिकते. मग कोंबड्या मोजताना एक कमी भरते आणि चोर पकडला जातो. दुसऱ्या एका गोष्टीत आंब्याची मोठी फोड राजूला मिळते, तिला लहान. तेव्हा बहीणभाऊ एक दिवस कामांची अदलाबदल करतात. संध्याकाळी दमलेल्या राजूच्या ताटात बहिणीच्या वाट्याचं तेवढंसं जेवण येतं. त्याचा चेहरा तिथे बदलतो. हे सरळसरळ प्रचारपट होते, पैसा संस्थेचा होता, संदेश आधी ठरलेला होता. तरीही पुढच्या गोष्टींत मीना शाळेत जाते. झालेला बदल पुसला गेला नाही. नफ्यासाठी चाललेल्या वाहिन्यांना जे जमलं नाही, ते संदेशासाठी बनवलेल्या मालिकेला जमलं, याचा आपल्या व्यावसायिकांनी विचार करायला हवा.

मराठीपुरतं बोलायचं तर खंत आणखी खोल आहे. प्रभातने १९३४ साली ‘जंबूकाका’ हा कार्टूनपट काढला होता. म्हणजे सुरुवात आपण लवकर केली. आज मराठी मूल कार्टून बघतं ते बहुतेक हिंदीत. काही वाहिन्यांवर अलीकडे मराठी आवाज निवडता येतो, पण तो वरून चढवलेला असतो. मराठीत सुचलेला नसतो. माझी भाची रागावली की हिंदीत रागावते, थेट नोबिताच्या सुरात. त्या हिंदीबद्दल माझी तक्रार नाही. पण हिरमुसणं, ओशाळणं, चुटपुट लागणं, हुरहुर वाटणं हे मोठं होतानाच्या मनाचे शब्द आहेत आणि ते कानावर पडल्याशिवाय अंगी लागत नाहीत. उडता येईनासं झाल्यावर किकी जशी बसते, त्याला मराठीत हिरमुसणं म्हणतात, हे मी भाचीला सांगितलं. तिने तो शब्द दोनदा पुटपुटून पाहिला.

मोठं होण्याची गोष्ट मराठीला सांगता येत नाही, असं कुणी म्हणू नये. मंगेश हाडवळेंच्या ‘टिंग्या’त जखमी चितंग्या बैल खाटकाला द्यायची वेळ येते आणि पोरगं सगळ्यांना विचारत फिरतं: शेजारच्या आजारी आजीला तुम्ही विकत नाही, मग माझा बैल का? अविनाश अरुणच्या ‘किल्ला’त वडील गेलेला चिन्मय आईच्या बदलीबरोबर कोकणात येतो, आणि मित्र त्याला भर पावसात किल्ल्यावर एकटा टाकून जातात. त्या भिंतींमधून तो कुणाला तरी हाका मारत धावतो, ते दृश्य बर्लिनमधल्या मुलांनाही भिडलं. २०१४ साली तिथल्या चित्रपट महोत्सवातल्या बालपरीक्षकांनी या चित्रपटाला क्रिस्टल बेअर दिलं. म्हणजे कथा आहेत, मुलांच्या मनाची जाण आहे, दिग्दर्शक आहेत. चितारणारे हातही आहेत. पुण्यामुंबईतले कितीतरी तरुण स्टुडिओंमध्ये बसून परदेशी मालिकांच्या चौकटी रंगवतात. पण या कथा आणि हे हात एका टेबलावर आले नाहीत. जिवंत मुलाला घेऊन आपण दुःख दाखवायला धजतो, चितारलेल्या मुलाला मात्र फक्त हसवतो. कार्टून म्हणजे जेवताना पोराला गप्प बसवायचं साधन, हा घराघरांतला समज याच्या मुळाशी आहे, आणि तो मोडायचा तर वाहिनी आणि निर्माता यांच्याइतकेच आपण पालकही जबाबदार आहोत.

जाताना भाची बॅग भरत होती. म्हणाली, “पुढच्या सुट्टीत मराठीतलं दाखव, असलंच.” मी ‘टिंग्या’ काढून ठेवला आहे. बैल परत येईल का, हे ती विचारेल. कार्टून आहे का, हेही विचारेल.